जरा मोठ्यानं बोल

शाळेच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे कितीही झाडली-पुसली तरी रबराचा आणि जुन्या धुळीचा वास काही जात नसे. आत एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, एक छोटा फळा आणि एक खिडकी. खिडकीतून सायकलींच्या स्टँडशिवाय काही दिसायचं नाही. दारावर 'अध्ययन मार्गदर्शक' अशी पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. मुलं त्या खोलीला सरळ 'दवाखाना' म्हणत. "आज माझा नंबर आहे दवाखान्यात," असं एकमेकांना सांगत आणि तोंड वाकडं करत आत येत.

या दवाखान्यातली डॉक्टर म्हणजे धाकटी. शाळेत तिला सगळे 'बाई' म्हणत, पण तशी ती शिक्षिका नव्हती. दोन बहिणींत ती धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. तिला ना तास होते, ना तपासायला पेपर. "तुमचं बरं आहे हो," असं शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हटकून म्हणायचं, आणि ती हसून कपात चहा ओतून घ्यायची. तिच्याकडे यायची ती वर्गातून निसटलेली पोरं. कोणी रोज उशिरा येणारं, कोणी बाकावर डोकं टेकून झोपणारं, कोणी अडखळतं म्हणून मोठ्यानं वाचणं सोडून दिलेलं. त्यांना बोटाला धरून पुन्हा वर्गात नेऊन बसवायचं, एवढंच तिचं काम. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं.

ही नोकरी तिला मिळाली ती भावोजींमुळे. लग्न मोडून ती दोन बॅगा घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिली, तेव्हा भावोजींनी एक शब्द विचारला नव्हता. दोन्ही बॅगा स्वतः उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, "खिडकी जरा अडकते, जोर लावून उघड." बस्स. या शाळेत ते वर्षानुवर्षं गणित शिकवत होते. पुढे मार्गदर्शकाची जागा निघाली तेव्हा मुख्याध्यापिकांकडे त्यांनीच शब्द टाकला. तेही धाकटीला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. उपकार केला आणि बोलून दाखवला, असा तो माणूस नव्हता.

त्या वर्षी धाकटीच्या वाट्याला आली होती तोफ.

तोफ नववीत होती. तिचं हे नाव कोणी ठेवलं कोणास ठाऊक, पण चपखल होतं. ती हळू बोलली तरी पलीकडच्या वर्गात ऐकू जायचं. आई लहानपणीच गेलेली, वडील बेकरीत कामाला. ते पहाटे घराबाहेर पडायचे आणि दुपारी येऊन झोपायचे, त्यामुळे घरात पोरीला सगळं कुजबुजत करावं लागायचं. राहिलेला सगळा आवाज ती शाळेत येऊन वापरत असावी. बाकी विषयांत तिचं बरं चालायचं. भावोजींच्या गणिताच्या तासाला मात्र काही ना काही खडाजंगी करून ती वर्गाबाहेर निघायची.

धाकटीला हे कोडं उलगडायला बरेच दिवस लागले. पोरगी गणितात कच्ची नव्हतीच. मध्येच एखादी पायरी निसटली की तिला विचारायची लाज वाटे. आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत दिसण्यापेक्षा भांडण काढून बाहेर जाणं तिला सोपं वाटायचं. बाहेर काढलं की प्रश्नच मिटला.

"नाही कळलं तर भांडायचं नाही," धाकटी तिला म्हणाली. "विचारायचं."

"आणि सरांनी लक्षच दिलं नाही तर?"

"तर पुन्हा विचारायचं."

"आणि तरीही नाही दिलं तर?"

"तर आणखी मोठ्यानं. तुला काय आवाजाची कमी आहे?"

तोफ फिदीफिदी हसली. मग दोघींनी सरावच केला. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, तिला सर समजायचं आणि प्रश्न विचारायचा. पहिल्या दिवशी तोफेच्या तोंडून शब्द फुटेना. रिकाम्या खुर्चीसमोर त्या पोरीला घाम फुटला. पण हळूहळू जमायला लागलं. आठवड्यामागून आठवडे गेले आणि तोफ गणिताचा पूर्ण तास वर्गात बसू लागली. शिपायानंसुद्धा धाकटीला थांबवून विचारलं, "काय हो बाई, तोफ गंजली की काय?"

एक गोष्ट मात्र धाकटीला दिसत होती आणि तिनं ती बघायचं टाळलं होतं. भावोजींना ऐकू कमी येऊ लागलं होतं. घरी टीव्हीचा आवाज इतका वाढलेला असे की वरच्या खोलीतून बातम्या पाठ व्हाव्यात. हाक मारली तर ओ नाही. "हे विचारात असतात," असं थोरली म्हणायची आणि विषय बदलायची. वर्गातही ते हल्ली फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे, प्रश्न घ्यायचे नाहीत. काही टारगट पोरं मुद्दाम नुसते ओठ हलवून उत्तरं द्यायची आणि बाकीची तोंडावर हात ठेवून खिदळायची.

त्या दिवशी तास संपला, वर्ग प्रयोगशाळेकडे निघून गेला. तोफेची धाकटीकडे यायची वेळ झाली होती, म्हणून धाकटी तिला घ्यायला वर गेली. वर्गाचं दार लोटलेलं होतं. दारातल्या काचेतून तिला दिसलं, भावोजी पाठमोरे उभे राहून फळा पुसत होते आणि तोफ वही छातीशी धरून त्यांच्या मागे उभी होती.

"सर, ही पायरी कुठून आली?" तोफेनं विचारलं.

भावोजी पुसतच राहिले.

"सर, ही पायरी कुठून आली?"

दाराबाहेर धाकटीच्या चेहऱ्यावर हसू आलं. शाब्बास गं, तिनं मनात म्हटलं. आणखी एकदा.

तिसऱ्यांदा तोफेनं आपला खरा आवाज लावला. भावोजी दचकून वळले. हातातलं डस्टर खाली पडलं.

"ओरडतेस कोणावर?"

"ओरडत नाही सर, विचारतेय. तुम्हाला ऐकूच येत नाही."

तिनं हे उर्मटपणे म्हटलं नव्हतं. नळाला पाणी नाही हे जसं सांगतात, तसं सांगितलं. पण भावोजींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी पुढे होऊन तिचा दंड धरला, मागे पिरगळला आणि तिला गदागदा हलवू लागले. "परत बोल! परत बोल बघू!" वही खाली पडली. तोफेचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता. धाकटीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. नुसती मूठ फिरवायची होती. नुसती हाक मारायची होती. ती तशीच उभी राहिली.

मग तोफेनं मोकळ्या हातानं भावोजींना ढकललं. पाय फळ्याखालच्या चौथऱ्याच्या कडेवरून सुटला आणि ते कुशीवर पडले. कपाळ टेबलाच्या पायावर आपटलं, चष्मा खाटकन जमिनीवर. तो आवाज ऐकून शिपाई धावत आला, त्यानं धाकटीला बाजूला सारून दार उघडलं. त्याला दिसलं ते एवढंच: सर जमिनीवर, कपाळातून रक्त, आणि समोर उभी असलेली तोफ.

"अगं बया, सरांवर हात टाकलास?" तो ओरडला.

तोफ त्याच्याकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"बाई, तुम्ही होता ना? सांगा ना."

धाकटीनं पुढे होऊन भावोजींना उठवलं. त्या क्षणी तेवढंच काय ते तिला सुचलं.

मुख्याध्यापिका कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी धाकटीला खोलीत बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही तिथे होता. काय पाहिलंत?"

बाहेर बाकावर भावोजी कपाळाला पट्टी लावून बसले होते. दाराच्या फटीतून त्यांचा बूट तेवढा दिसत होता. थोरली रोज सकाळी ते बूट पुसून ठेवायची.

"दार उघडलं तेव्हा सर पडलेले होते," धाकटी म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. दार उघडलं तेव्हा ते पडलेलेच होते. मुख्याध्यापिकांनी मान हलवली. तोफेला घरी बसवण्यात आलं. तिला शाळेत ठेवायचं की नाही, ते संस्थेचे चिटणीस आल्यावर बैठकीत ठरणार होतं.

घरी गेल्यावर थोरलीनं धाकटीचा हात हातात घेतला. "तू होतीस म्हणून बरं. नाहीतर त्या भवानीनं काय काय रचून सांगितलं असतं!" भावोजी टीव्हीसमोर बसले होते. धाकटी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"भावोजी, मी काचेतून बघत होते."

"अं?"

"काचेतून. बघत होते मी."

त्यांनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. त्यांना ऐकू गेलं होतं की नव्हतं, हे तिला समजलं नाही. त्यांच्या मानेवरची शीर मात्र ताठ झाली होती.

आठवडाभर धाकटीनं खोलीत काम केलं खरं, पण कशातच लक्ष लागेना. पोरं यायची, बोलायची आणि ती हं-हं करत राहायची. रिकामी खुर्ची तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. शेवटी न राहवून एका दुपारी ती तोफेच्या घरी गेली. काय बोलायचं हे काही ठरवलेलं नव्हतं. पोर कशी आहे ते बघावं, असं ती स्वतःला सांगत होती.

दार तोफेच्या वडिलांनी उघडलं. झोपेतून उठून आले असावेत. डोळे तांबारलेले, आणि केसांच्या कडेला पीठ अजून तसंच. बाईंना बघून ते ओशाळले. खुर्चीवरचे कपडे घाईघाईनं उचलून त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"तुमच्यापुढे तोंड दाखवायची सोय ठेवली नाही पोरीनं," ते म्हणाले. "तुम्ही तिच्यासाठी एवढं केलंत. घरी आली की बाई अशा, बाई तशा, दुसरं बोलणं नाही. आणि तिनं हे असं करावं?"

"अहो, तसं नाही..."

"वर खोटं बोलते. म्हणते, सरांनी आधी हात पिरगळला. बाईंनी पाहिलंय म्हणते. मी म्हटलं, बाईंनी पाहिलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या का? बाई कशाला खोटं बोलतील?" ते थांबले. स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "मी तिच्यावर कधी हात उचलत नाही. आई नाही तिला. पण त्या दिवशी उचलला. मारामारी केली ती केली, वर खोटं बोलते म्हणून."

आतल्या दारात तोफ उभी होती. अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता तिनं. दंडावर बोटांचे डाग होते, आता पिवळे पडत चाललेले. वडिलांच्या माराचे नव्हते ते. एका माणसानं धरून पिरगळल्याचे होते. ते ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. तिनं धाकटीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

धाकटीला वाटलं, उठावं आणि चालू पडावं. तिच्या पायांनी तसं केलंही असतं. पण समोर तो माणूस स्वतःचीच लाज वाटून बसला होता. त्याला तसाच सोडून जिना उतरायचा, ही कल्पनाच तिला सहन होईना.

"ती खरं बोलते," धाकटी म्हणाली.

वडिलांना आधी अर्थ लागला नाही.

"सरांनी आधी तिचा दंड पिरगळला. मी पाहिलं. दारात होते मी. ती नुसता प्रश्न विचारत होती. मीच तिला विचारायला शिकवलं होतं."

खालच्या रस्त्यावरून कुठलीशी गाडी मागे घेतल्याचा टुकटुक आवाज येत राहिला. मग वडील उठून उभे राहिले.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"सर माझे भावोजी आहेत," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला कळलं की ते उत्तर नाही.

"मी माझ्या पोरीला मारलं," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तुमच्या शब्दावर मारलं. जा तुम्ही."

ती उठली. जिन्यापर्यंत आली तेव्हा मागे वडिलांचा आवाज आला, बाईंशी नव्हे, मुलीशी. काय बोलत होते ते कळलं नाही. पण तोफ रडत होती, आणि तिचं ते रडणं तिच्या बोलण्यासारखंच होतं. खालच्या दारापर्यंत ऐकू येत होतं.

घरी पोचल्यावर धाकटीनं पर्ससुद्धा खाली न ठेवता थोरलीला सांगून टाकलं. थोरली ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"ताई, उद्या बैठकीत मी खरं काय ते सांगणार आहे."

"काय खरं?"

"भावोजींनी त्या मुलीचा हात पिरगळला. मी पाहिलंय."

थोरलीनं हातातलं भांडं पुसून खाली ठेवलं, दुसरं उचललं, तेही पुसलं. "आणि हे तुला आज आठवलं?"

"आठवलं नाही. आज जमलं."

"वा! तुला जमलं. आणि यांचं काय? निवृत्ती तोंडावर आलीय. इतकी वर्षं बोट दाखवायला जागा ठेवली नाही त्यांनी कोणाला. एका क्षणी तोल गेला असेल माणसाचा."

"ताई, त्यांना ऐकू येत नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही?" थोरली एकदम उसळली. "मला काय तू सांगतेस? एकाच छताखाली राहते मी त्यांच्या! डॉक्टरकडे चला म्हटलं तर जेवणाच्या ताटावरून उठून जातात. वर्ग काढून घेतील म्हणतात. बहिरा मास्तर म्हणून हसतील म्हणतात. आता तू भर बैठकीत तेच सांग. सांग! ज्या माणसानं तुझ्या बॅगा उचलून वर नेल्या, त्याला तू खाली ओढ."

"मला त्यांना खाली ओढायचं नाही गं."

"मग गप्प बस. बसवतं ना तुला? इतके दिवस बसलीसच की."

धाकटी वर गेली. अडकणारी खिडकी उघडायला तिनं जोर लावला नाही, तशीच अंधारत जाणाऱ्या खोलीत बसून राहिली. जेवायला कोणी हाक मारली नाही.

बैठक मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. चिटणीस मधोमध बसले होते, शांत, मऊ आवाजाचे गृहस्थ. एका बाजूला तोफ आणि तिचे वडील. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दुसऱ्या बाजूला भावोजी. नवा चष्मा त्यांच्या नाकावर अजून नीट बसत नव्हता. चिटणीसांनी शिपायाला विचारलं, त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. मग ते धाकटीकडे वळले.

धाकटी उभी राहिली. टेबलाच्या काचेकडे बघत ती म्हणाली, "मी आधी अर्धंच सांगितलं होतं. दार उघडण्याआधी मी काचेतून बघत होते. सरांनी तिचा दंड धरून पिरगळला. त्यानंतर तिनं ढकललं."

मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. तोफेच्या वडिलांनी डोळे मिटले. भावोजी मात्र जसेच्या तसे बसले होते, चेहऱ्यावर तोच सभ्य, थोडा ताणलेला भाव. सगळे आपल्याकडे का बघताहेत हे त्यांना उमजेना. ते किंचित पुढे झुकले, एक कान तिच्याकडे वळवला.

"काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल."

एकदा सांगायलाच तिनं जीव गोळा केला होता. हे पुन्हा, त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं सांगायचं? तिनं मुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्या मदतीला आल्या नाहीत. कोणीच आलं नाही.

"भावोजी," ती म्हणाली, आणि मग आवाज चढवला, "तुम्ही तिचा हात पिरगळलात! मी बघितलं! ती प्रश्न विचारत होती, तुम्हाला ऐकू गेलं नाही!"

ते शब्द दाराबाहेर गेले असणार. बाहेर व्हरांड्यात कोणाची तरी पावलं थबकली. भावोजींनी आता ऐकलं. एकेक शब्द त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना दिसला. मग त्यांनी चष्मा काढला, हातात फिरवला आणि टेबलावर ठेवला.

"काय विचारत होती ती?" त्यांनी विचारलं.

कोणाला विचारलं ते कळेना. शेवटी तोफच उठली. तिनं प्रश्न सांगितला. तिसऱ्या ओळीतून चौथ्या ओळीत जाताना ती पायरी कुठून आली, एवढाच. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, सगळ्यांना ऐकू गेला.

"ती पायरी मी गाळली होती," भावोजी म्हणाले. "चूक माझीच होती." आणि थोड्या वेळानं, चिटणीसांकडे वळून, "ती म्हणते ते खरं आहे. धरला होता मी हात. पिरगळला होता. मुलगी गेली नाही शाळेतून तर बरं होईल."

ठरायचं ते ठरलं. तोफ शाळेत राहिली, तिला दुसऱ्या तुकडीत बसवलं. भावोजींना आधी रजेवर पाठवलं आणि मग त्यांनी आपणहून लवकर निवृत्ती मागून घेतली. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाले. धाकटीला मुख्याध्यापिकांनी लेखी समज दिली. "आधीच बोलला असतात तर इतकं झालं नसतं," एवढं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. शिक्षकांच्या खोलीत ती गेली की बोलणं मध्येच थांबायचं. काहींना ती घरभेदी वाटत होती, काहींना खोटारडी. दोन्ही बाजूंनी तीच सापडली होती.

थोरली तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. महिनाअखेरीला धाकटीनं शाळेजवळ एक खोली भाड्यानं घेतली. सामान उतरवताना या वेळी मदतीला कोणी नव्हतं. थोरली बाहेरच आली नाही. स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं.

आणि तोफ? ती दवाखान्यात येईनाशी झाली. व्हरांड्यात दिसली तर "नमस्कार बाई" म्हणायची, परक्या माणसाला म्हणतात तसं, आणि पुढे जायची. एकदा मात्र ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बाबा म्हणाले, त्या दिवशी जा म्हटलं ते जरा जास्तच झालं."

"नाही गं. बरोबरच होतं त्यांचं."

"मला पण तेच वाटतं," तोफ म्हणाली. "मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे."

"किती दिवस राहील माहीत नाही."

"राहू दे. पण गणिताच्या तासाला विचारतेस ना?"

तोफेनं खांदे उडवले. "विचारते. नव्या सरांना एकदा सांगितलं तरी ऐकू येतं," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचा चेहरा कसनुसा झाला. ती वळली आणि जिना चढून गेली. धाकटी किती तरी वेळ तिच्या पावलांचा आवाज वरून जाताना ऐकत राहिली.

एका रविवारी धाकटीच्या नव्या खोलीवर भावोजी आले. हातात पिशवी होती, तिच्यात तिची इस्त्री आणि दोन पातेली, मागे राहिलेली. ते खुर्चीवर बसले. त्यांच्या कानामागे यंत्र बसवलेलं होतं, कातडीच्या रंगाचं, लहानसं.

"घेतलं शेवटी," ते म्हणाले. "आधी घेतलं असतं तर." वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं.

"भावोजी, मी..."

"ते राहू दे. तू ओरडलीस म्हणून तर मला ऐकू आलं." ते हसण्याचा प्रयत्न करत होते, पण जमलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला हातात धरला, प्यायले नाहीत. "आता सगळंच ऐकू येतं. नळ ठिबकतो ते. वरच्या लोकांचं भांडण. आणि तुझी बहीण." ते थांबले. "स्वयंपाकघरात रडते ती. भांडी घासत असताना, नळ सोडून. मी बाहेर बसलेला असतो पेपर घेऊन. किती दिवस रडत होती कोणास ठाऊक. तू गेल्यापासून, का त्याच्याही आधीपासून. मला काय माहीत? मला टीव्ही ऐकू येत होता."

"तुम्ही बोलला नाहीत तिच्याशी?"

"काय बोलू? तिचं रडणं मला ऐकू येतं हे कळलं तर रडायचीसुद्धा बंद होईल. मग काय उरलं तिच्याकडे?" ते उठले. "तू बोल तिच्याशी. माझ्यासाठी म्हणत नाही. मी आलो होतो हे सांगू नकोस."

ते गेल्यावर धाकटीनं फोन केला. थोरलीनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटी रोज शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी फोन लावायची, तो वाजून वाजून बंद व्हायचा आणि मग ती चहा टाकायची. एका संध्याकाळी पलीकडून फोन उचलला गेला. नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"तुझ्या जाड पांघरुणानं माझं अर्धं कपाट अडलंय," थोरली म्हणाली. घसा बसलेला होता तिचा. "घेऊन जा ते."

"कधी येऊ?"

"मी काय सांगू कधी? तुझं तू बघ."

"रविवारी येऊ?"

थोरली काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. धाकटी उभ्याउभ्या भिंतीला टेकली आणि कान फोनला घट्ट लावून वाट बघत राहिली.